पुतळीच्या कोपरावरची आरोळी

निलेशनं दुबईत फोन घेतला तो बापासाठी. बायकोसाठी घ्यावा तर बायको अजून यायची होती, आणि आईला फोनपेक्षा मिक्सर हवा होता. मिक्सर राहिला. आईनं त्यावर अवाक्षर काढलं नाही, पण पाट्यावर मिरच्या वाटताना वरवंटा जरा जास्तच आपटला एवढं खरं.

बापाचं नाव नाथा. पेणच्या पश्चिमेला, जिथं रस्ता संपून चिखल सुरू होतो, तिथं खारबेडी नावाचं गाव आहे. तिथल्या बांधाचा तो राखणदार. खारबेडीची सगळी भातशेती भरतीच्या पाण्याहून खाली. मधे मातीचा बांध, माणसाच्या दीडपट उंच आणि कोसभर लांब. अलीकडे भात, पलीकडे खाडी. एकदा खारं पाणी आत शिरलं की ते वर्ष तर गेलंच, पुढची दोन-तीन वर्षंही त्या मातीत गवताशिवाय काही उगवत नाही. बांध कुणा एकाचा नव्हता, जोळाचा होता. जोळ म्हणजे ज्यांची ज्यांची शेतं त्या बांधाच्या आडोशाला, त्या सगळ्या घरांनी मिळून घेतलेला वसा. माती सगळ्यांनी टाकायची, पेंढा सगळ्यांनी द्यायचा, आणि अमावास्या-पुनवेच्या उधाणाला, भरती उतरेपर्यंत, एकाही धडधाकट गड्यानं गाव सोडायचं नाही. लग्न असो की मयत, हा नियम कुणी मोडला नव्हता.

बांध फुटतो तो लाटेनं नव्हे, चिंबोरीनं. चिंबोरी बीळ पाडते, बिळात पाणी शिरतं, पाणी माती घेऊन अलीकडे येतं. सुरुवातीला तांब्याच्या तोंडाएवढं भोक असतं. तेवढ्यात चार-पाच माणसं पोचली तर पेंढा-चिखल कोंबून अर्ध्या तासात काम होतं. नाही पोचली तर ते भोक पुढं बैलगाडी जाईल एवढं होतं. त्याला खांड म्हणतात. खांड गेली की मग देवाला हात जोडायचे, दुसरं काही करायचं उरत नाही.

म्हणून राखणदाराची आरोळी. तिचीही रीत ठरलेली. बांधाच्या प्रत्येक वळणाला नाव होतं. सगळ्यात वाईट वळण म्हणजे पुतळीचं कोपर. कुणी पुतळी नावाची बाई मागच्या पिढीत तिथं खांडीत उभी राहिली होती म्हणे. तर राखणदारानं फक्त त्या वळणाचं नाव घेऊन तीनदा ओरडायचं आणि लगेच पाण्यात उतरायचं. गावाचं नाव घ्यायचं नाही, स्वतःचं सांगायचं नाही, आणि ओ येण्याची वाट तर मुळीच बघायची नाही. शेतातला माणूस ती आरोळी झेलून पुढं देई, तिथून पुढचा, आणि बघता बघता फावडी-घमेली घेऊन गाव बांधावर. आरोळीला ओ तोंडानं द्यायची नसते, पायांनी द्यायची असते, असं नाथा म्हणायचा.

पण नाथाचं वय झालं होतं. आवाज बसला होता. मागच्या सुट्टीत निलेशनं बापाला बांधावरून ओरडताना ऐकलं. वाऱ्यानं अर्धी आरोळी खाडीतच बुडवली होती.

निलेश नागोठण्याच्या कंपनीत ठेकेदाराकडे वेल्डिंग शिकला आणि तिथून दुबईला गेला. तिथल्या बाजारात एका मल्याळी दुकानदाराकडे तो सुट्टीच्या आधी गेला तो मोबाइलच मागायला. मुंबईत तेव्हा मोबाइल नुकता आला होता, आणि गावात खिशात फोन घालून फिरणारा पहिला माणूस आपणच असावं, हीही हौस त्यात होतीच. दुकानदारानं विचारलं, "तेरे गाव में टॉवर है?" नाही. "तो फिर वो डब्बा लेके क्या करेगा, मच्छी मारेगा?" आणि त्यानं दुसराच खोका पुढं सरकवला. लांब पल्ल्याचा कॉर्डलेस. एक पेटी घरातल्या लाइनीला आणि विजेला जोडायची, छपरावर उंच अँटेना लावायची, आणि हातातला फोन घेऊन कुठंही जायचं. खोक्यावर मोठा पल्ला छापला होता, पाठीमागं हिरवा डोंगरही काढला होता. हातातल्या फोनवर एक बटण दाबलं की घरातली पेटी वाजणार, आणि दोन्हीकडून मोठ्यानं आवाज येणार. नंबर फिरवायला नको.

पैसे घेऊन झाल्यावर दुकानदारानं पेटी उलटी केली. मागच्या झाकणाखाली बारीक बारीक खिट्ट्या होत्या, तशाच हातातल्या फोनमध्येही. "ये दोनो में बदल देना. सब पीस कंपनी से एक जैसा आता है. नहीं बदला तो जिसके पास ये ही माल है, उसका फोन तू बजाएगा, तेरा वो बजाएगा."

निलेश हसला. खारबेडीत दुसरा फोन कुणाकडे होता? एक पोस्टात आणि एक त्याच्या घरात, तोही त्यानंच वर्षभर खेटे घालून घेतलेला. त्यानं खिट्ट्यांना हात लावला नाही. आपल्यावाचून दुसरं कुणी शहाणं नाही असं ज्याला वाटतं, त्याच्या नशिबी जे येतं ते निलेशच्या नशिबी यायचं होतं; पण तेव्हा ते कुणाला दिसणार? असा फोन वापरायला सरकारी परवाना लागतो, हे त्याला विमानातल्या शेजाऱ्यानं सांगितलं. मग तो फोन विमानतळावर दोन घोंगड्यांच्या मधून बाहेर आला, आणि या गोष्टीचा बभ्रा करायचा नाही असं घरात ठरलं.

घरात ठरलं, म्हणजे गावाला कळलं. छपरावर बांबूला अँटेना चढली तेव्हा अर्धं गाव अंगणात होतं. निलेशनं आईची लाल टिकली घेऊन हातातल्या फोनच्या एका बटणावर चिकटवली. "बाबा, बाकी कशाला हात लावू नको. ही टिकली दाबायची आणि बोलायचं. दाबून धरायची नाय. एकदा दाबली की लाइन चालूच राहते." दुसरी टिकली त्यानं घरातल्या पेटीवर लावली. ती दाबली की पेणजवळच्या जोह्याच्या एका गणपतीच्या मूर्तींच्या कारखान्यातला फोन लागणार; हंगामात गावची पोरं तिथंच कामाला जात. ती आईसाठी, चंद्रावतीसाठी.

नाथा फोन घेऊन बांधावर गेला. पुतळीच्या कोपरावरून त्यानं टिकली दाबली आणि एवढ्या मोठ्यानं ओरडला की पेटी फाटते की काय असं झालं. "पुतळीचं कोपर! पुतळीचं कोपर! पुतळीचं कोपर!" आणि गप्प.

"बाबा, येवढं वरडायचं नाय रं, हळू बोल! आयकू येतं!" निलेश इकडून सांगत होता.

पलीकडून नुसता वारा. म्हाताऱ्यानं फोन बांधावरच्या खुंटाला टांगला होता आणि तो रीतीप्रमाणं खाली उतरला होता. अंगणातली माणसं पोट धरधरून हसली. संध्याकाळी निलेशनं बापाला समजावलं, की फोनवर आधी ऐकायचं, पलीकडं कोण हाय ते बघायचं, मग बोलायचं. नाथानं ऐकून घेतलं. "तीनदा वरडल्यावर ऐकायचं काय?" तो म्हणाला. "तेवढा येळ कुनाला हाय? भोक थांबतंय का आपल्यासाठी?"

ही चूक हसण्यावारी गेली. निलेशही हसलाच.

त्या वर्षी पिठोरी अमावास्येचं उधाण मोठं होतं आणि गणपती चार दिवसांवर आले होते. जोह्याच्या कारखान्यांत तेव्हा श्वास घ्यायला फुरसत नसते. मूर्ती गवतात बांधायच्या, ट्रकात चढवायच्या, ज्या रंगायच्या राहिल्या त्यांच्यामागं रात्रंदिवस लागायचं, मजुरी दुप्पट. दर वर्षी खारबेडीचे गडी नेमक्या त्या अमावास्येला हात चोळत गावात बसायचे, कारण जोळाचा नियम. या वर्षी काळुराम म्हणाला, आता कशाला बसायचं? काळुराम जोळाचा कारभारी, आणि त्याला टेम्पो होता. "फोन हाय ना! नाथानं टिकली दाबली की चंद्राकाकीला कळंल, चंद्राकाकीनं दाबली की आमाला. टेम्पो उभाच ठेवतो. जोह्यावरनं यायला किती येळ लागतोय?"

पोरांनी माना डोलावल्या. निलेशनंही. एवढंच काय, त्याला ते ऐकून छाती फुगल्यासारखं वाटलं. आपण आणलेल्या वस्तूनं गावाची पिढ्यान्‌पिढ्यांची साखळी सुटली, आता माणसं चार पैसे कमावतील, हा काही लहानसहान मान नव्हता. एकटा नाथा ओट्यावर तंबाखू मळत बसला होता. तो म्हणाला, "फोन माती आणनार हाय का?"

"माती आमी आणू, बाबा. तू फकस्त सांग."

"मंग बरं," नाथा म्हणाला. पोराच्या शब्दावर त्याचा विश्वास होता. त्या विश्वासाचाच पुढं घात झाला, असं म्हणायला जीभ रेटत नाही, पण झालं तेच.

अमावास्येला भरती भर दुपारची. सकाळी टेम्पो भरून पोरं जोह्याला गेली. निलेश जाण्याआधी आईला पुन्हा बजावून गेला, "पेटीपासनं हलू नको. दार लोटून घे, पावसाच्या आवाजात वाजलेली कळायची नाय." चंद्रावतीनं पिठोरीचं सगळं बाजूला ठेवलं आणि पेटीसमोर पाट टाकून बसली. एरवी अशा दिवशी ती अंगणात असे, पदर कानामागं खोचून, बांधाकडं तोंड करून, आरोळी झेलून पुढं ओरडायला. सगळ्याच बायका तशा असत; आज फोनच्या भरवशावर अंगणं रिकामी होती.

दुपारच्या सुमाराला पाऊस वाढला आणि लाईट गेली. घरातला बल्ब विझला, आणि पेटीवरचा बारीक लाल दिवाही. चंद्रावतीनं तो विझताना पाहिला. त्याचं तिला काही वाटलं नाही. पोस्टातला फोन लाईट गेल्यावरही चालायचा, हे गावात सगळ्यांना माहीत होतं. फोनचा आणि लाईटीचा काय संबंध? ती पेटीसमोर बसून राहिली. कान देऊन.

जोह्याला निलेश कारखान्याच्या ओसरीवर गवताच्या पेंढ्या वळत होता. फोन आतल्या खोलीत होता. भरतीची वेळ जवळ आली तसा तो सारखा आत डोकावू लागला. फोन गप्प. वेळ टळली. फोन गप्पच. काळुरामनं त्याच्या पाठीवर थाप मारली, "बघ, आमी उगाच येवढी वर्सं घरी कोंबडी राखीत बसलो!" कुणीतरी भजी आणली. निलेशनं गरम भजी खाल्ली. पुढं कितीतरी दिवस त्याला त्या भज्यांची चव तोंडात आल्यासारखी व्हायची आणि उलटी यायची.

दिवस कलताना टेम्पो परतला. गावच्या वळणावरून खाली शेतं दिसतात. काळुरामनं टेम्पो थांबवला. शेतं दिसत नव्हती. गढूळ पाण्याचा एकच पत्रा पसरला होता, आणि त्यातून भाताचे शेंडेसुद्धा वर आले नव्हते. पुतळीच्या कोपराशी बांधाला ट्रक जाईल एवढं तोंड पडलं होतं. उतरती भरती त्यातून आवाज करीत परत निघाली होती.

निलेश धावत सुटला. घराशी आला तर दार लोटलेलं. आत आई अंधारात पाटावर बसलेली. तिनं वर पाहिलं. "वाजला नाय," ती म्हणाली. "एकदा पन नाय वाजला. मी हलले नाय हितनं."

नाथा दुसऱ्या दिवशी तिवरांच्या मुळ्यांत सापडला. हातात पेंढ्याची मूठ तशीच होती.

फोनही सापडला. उरलेल्या बांधावर, खुंटाला, प्लॅस्टिकच्या पिशवीत टांगलेला. बॅटरी संपलेली. टिकली जागेवर.

मग दहा तोंडं सुरू झाली. भात गेलं होतं, पुढची वर्षं गेली होती, आणि अशा वेळी माणसाला कुणावर तरी बोट ठेवल्याशिवाय अन्न गोड लागत नाही. काळुराम मयतीच्या ओट्यावर बसून म्हणाला, "नाथा जुन्या वळणाचा मानूस. त्याच्या हातून ते दाबलंच गेलं नसंल. घाबरला असंल. उगाच कुनाला दोष द्यायचा नाय, पन आता म्हातारा विसरला म्हंजे विसरला." हे सगळ्यांना पटलं. पटायलाच हवं होतं, कारण दुसरं काही पटवून घ्यायचं तर त्या दिवशी भजी कुणी कुणी खाल्ली ते काढावं लागलं असतं.

निलेशलाही ते पटलं. खरं सांगायचं तर त्यानं ते धरून ठेवलं, बुडत्यानं काडी धरावी तसं. बाबा विसरले. आपण आणलेला फोन चांगला होता. लाईट परत आल्यावर त्यानं पेटी तपासली होती, ती टुणटुणीत चालत होती. लाईट कधी गेली होती, हे त्यानं आईला विचारलं नाही. विचारावंसं वाटलं नाही म्हणून नव्हे. उत्तराची भीती वाटत होती. चंद्रावती मात्र एकच वाक्य म्हणत राही, "ते वरडल्याबिगर पान्यात उतरायचे नायत." कुणी तिचं ऐकत नव्हतं. विधवेच्या बोलण्याला गाव नुसती मान हलवतं.

गणपती आले. दिवसकार्य उरकलं, विसर्जन झालं. त्या वर्षी खारबेडीत बाजा वाजला नाही.

त्यानंतर एका दुपारी पेणच्या बाजूनं एक पांढरी गाडी चिखलाशी थांबली आणि तिच्यातून एक बाई उतरल्या. नऊवारी, डोळ्याला जाड चष्मा, हातात छत्रीची काठी. मागून त्यांचा मुलगा, इस्त्रीच्या पँटचे पाय दुमडत. बाईंनी पहिल्याच घराशी विचारलं, "इथं पुतळीचं कोपर म्हणून काही आहे का हो?" पोरं त्यांना निलेशच्या दाराशी घेऊन आली.

"मी आनंदीबाई. रोह्याहून आले," त्या ओट्यावर टेकत म्हणाल्या. "शाळेत शिकवायचे. हा माझा मुलगा दत्तात्रेय, धाटावला कंपनीत असतो."  चंद्रावतीनं पाणी आणलं. त्यांनी ते घेतलं नाही, तांब्या नुसता मांडीवर धरून ठेवला.

"त्या अमावास्येला दुपारी आमचा फोन वाजला," त्या म्हणाल्या. "दत्ताला कंपनीतून घरी बोलता यावं म्हणून त्यानं दुबईहून एक मागवलाय. घर टेकडीवर आहे आमचं, वर अँटेना आहे. फोन वाजला म्हणून मला वाटलं दत्ताच. तर एक माणूस ओरडत होता. पुतळीचं कोपर. तीनदा."

निलेश पुढं सरकला.

"मी रोह्याचीच, ठिकाणाचं नाव असं तीनदा ओरडलं की खांड पडतेय, हे मला कळतं. मी विचारलं, कुठलं गाव? कोण बोलतंय? तर नुसता वारा आणि पाणी. फोन चालू होता, पण माणूस ऐकत नव्हता. मी ओरडत राहिले, अहो गाव सांगा, गावाचं नाव सांगा! मग शेजारच्या मुलाला चौकीवर पिटाळलं. चौकीतली माणसं उठली, बाजारातली उठली. कुंडलिका नदीच्या दोन्ही बांधांवर धावली. आमच्याकडे खाडी ती तीच ना! पावसात कोसच्या कोस शोधलं त्यांनी. पुतळीचं कोपर कुणाला ठाऊक नाही. म्हाताऱ्यांना विचारलं, कोळ्यांना विचारलं. पन्नास माणसं तरी होती हो फावडी घेऊन." त्यांचा आवाज फुटला. "पन्नास माणसं धावली, ती दुसऱ्याच खाडीवर."

दत्तात्रेयानं पिशवीतून आपला फोन काढला. तोच. तसाच काळा, तसाच जाड. निलेश काही न बोलता आत गेला, आपला घेऊन आला, आणि त्यानं दोन्हींची मागची झाकणं उघडून ते ओट्यावर शेजारी शेजारी ठेवले. बारीक खिट्ट्या. सगळ्या एकाच बाजूला.

"तुमी बदलल्या नाय?" त्यानं विचारलं.

"दुकानदार म्हणाला होता मागवून देणाऱ्याला," दत्तात्रेय खाली बघत म्हणाला. "मला वाटलं, आपल्या भागात असा फोन दुसऱ्या कुणाकडे असणार?"

निलेश त्याच्या तोंडाकडं बघत राहिला. त्याला त्या माणसाचा राग यायला हवा होता. पण आरशात बघून माणसाला कितीसा राग येणार?

"लाईट गेली व्हती," चंद्रावती एकदम म्हणाली. "दुपारची. तांबडा दिवा इझला तो."

एवढ्या दिवसांत न विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर असं आपल्या पायांनी चालत घरात आलं. पेटी मेली होती, म्हणून बापाची आरोळी डोंगर ओलांडून रोह्याला गेली. बाप विसरला नव्हता. त्यानं टिकली दाबली होती. शिकवल्याप्रमाणं एकदाच दाबली होती, आणि रीतीप्रमाणं तीनदा ओरडला होता, आणि मग कुणी ओ देतंय का हे न ऐकता पाण्यात उतरला होता, कारण त्याच्या लेखी गाव निघालं होतं. निलेशनं भिंतीला डोकं टेकलं आणि तो लहान पोरासारखा हंबरडा फोडून रडला. गावातली चार माणसं अंगणात जमली होती. काळुरामही होता त्यांत. तो पायातल्या चिखलाकडं बघत उभा राहिला.

आनंदीबाईंनी त्याला रडू दिलं. मग त्या चंद्रावतीकडं वळल्या.

"पेपरात बातमी वाचली तेव्हा गाव कळलं. तेव्हाच यायचं होतं, धीर झाला नाही. पण एक गोष्ट माझ्याकडे राहिलीय, ती तुमची आहे. ती दिल्याशिवाय मला मरता यायचं नाही."

चंद्रावती त्यांच्यासमोर जमिनीवर बसली.

"मी शेवटपर्यंत पेटीला कान लावून होते. ते कुणाशी तरी बोलल्यासारखं बोलत होते. येतायत, पोरं येतायत, असं. मधेच पेंढा मागत होते. मी सारखी ओरडत होते, गाव सांगा, बाहेर निघा, पाण्यातून बाहेर या. खूप वेळ. शेवटी एकदा माझा आवाज त्यांच्यापर्यंत पोचला. ते हसले. अगदी स्पष्ट ऐकलं मी. म्हणाले, 'वरडू नको गो चंद्रे, घसा बसंल तुजा. आली पोरं.' आणि मग पाण्याचा मोठा आवाज झाला."



चंद्रावतीच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. ती बराच वेळ बाईंच्या चेहऱ्याकडं बघत होती, जणू त्या तोंडातून आणखी काही यायचं राहिलंय.

"मी नाय वरडले वं बाय," ती म्हणाली. "मी तं घरात दार लोटून गप बसलेली. फोन वाजंल म्हनून."